माईक हातात होता तेव्हा

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या सत्कारात "बाबांनी दोन शब्द बोलावे" म्हणाले आणि मी माईक धरून नुसता उभा राहिलो. घरी आलो तरी ते शब्द घशातच आहेत, म्हणून लिहितो.

सरांनी तुझी पदकं वाचून दाखवली. १५०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चार वर्षं विद्यापीठात पहिली, आंतरविद्यापीठात कांस्य. ऐकताना छाती भरून आली. पण नागपूरच्या पूलमध्ये पहिल्या दिवशी तू सगळ्यांच्या मागे होतीस, हे कोणी बोललं नाही. गावच्या तलावात आपली माणसं डोकं वर काढून पोहतात, समोर काय आहे ते दिसावं म्हणून. पूलमध्ये तसं केलं की कंबर खाली जाते आणि पाणी अडवतं. भिंतीशी पलटी मारून पाय रेटायचे म्हणे. आपल्या तलावाला भिंत कुठे? येत असलेलं पोहणं मोडून तू नव्यानं शिकलीस. दुसऱ्या वर्षी खांदा दुखावला तेव्हा तीन महिने फळी धरून नुसते पाय मारलेस, अन् फोनवर "बरी आहे" एवढंच सांगायचीस.

तुझी शेवटची शर्यत पाहायला आलो तेव्हा खिशात लाखोरीचे ३० दाणे होते. पूल ५० मीटरचा, म्हणजे ३० फेऱ्या. धान मोजताना एकाला लाभ म्हणतो तसं लाभ, दोन, तीन म्हणत एकेक दाणा या खिशातून त्या खिशात टाकत होतो. भिंतीशी पलटी मारून तू पाण्याखाली जायचीस आणि तुझी टोपी वर दिसेपर्यंत माझा श्वास अडकायचा. २९ वेळा.

त्याचं कारण तुला ठाऊक नाही. नऊ वर्षांची होतीस, शिंगाड्यांसाठी तलाव पार करून गेलीस, तेव्हा मी तुला तुराटीनं मारलं. मुलीची जात म्हणून अडवतो, असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं, बेटा. हा कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला तलाव. १९५० च्या कायद्यानं मालगुजारांची जमीनदारी गेली, तरी आपली धानाची रोवणी अजून त्याच्याच पाण्यावर होते. त्याच तलावात माझा धाकटा भाऊ गेला. तुडूम, पाणी सोडायचं दार, उघडं होतं, पाण्याला ओढ होती. मी अकरा वर्षांचा, तलावाच्या बांधावर, पाळीवर उभा. मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. घरात त्याचं नाव कोणी काढत नाही, म्हणून तुलाही कधी सांगितलं नाही.

ढिवर आजोबा तुला शिकवायला लागले तेव्हा मी त्यांच्याशी भांडलो होतो. ते म्हणाले, "भेवापायी पोरीले घरात नोको कोंडू. तिले पाणी समजू दे." त्यांचं ऐकलं, तुझ्यासाठी मी केलं ते एवढंच. बाकी सारं तुझं आहे.

शेवटचे १०० मीटर उरले की घंटा वाजते, हे मला माहीत नव्हतं. ती वाजली, शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, दोन फेऱ्या राहिल्या." खिशात हात घातला. दोनच दाणे होते.

सत्काराची शाल आईनं पेटीत ठेवली आहे. आता गावच्या पोरांना शिकवीन म्हणतेस, तर शिकव. यंदा रोवणी आटोपली की ये, तलाव भरलेला असेल. मी पाळीवर येऊन बसेन. फक्त पोरांना तुडूमाकडे नेऊ नको.

तुझा,
बाबा