‘गेट’ शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

इंग्रजीतील ‘गेट’ या क्रियापदाची धास्ती आपण माझ्या मनातून काढलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. याआधी मी जिथे शिकले तिथे मिळणे, होणे, पोचणे, आणणे, समजणे अशी अर्थांची यादी पाठ करवून घेतली गेली आणि कोणता अर्थ कुठे घ्यायचा असे विचारले की ‘सरावाने येईल’ एवढेच उत्तर मिळे. एका वर्गात तर हा शब्द हलका आहे, लिखाणात आणूच नका, अशी ताकीद होती. शिकवणे टाळण्याचा तो सोपा मार्ग होता, असे मला आजही वाटते.

आपण माझ्या वाक्यावर लाल रेघ ओढली नाहीत. त्या क्रियापदावर बोट ठेवून ते झाकलेत आणि म्हणालात, “आता पुढे काय आहे ते वाचा.” मला उत्तर सापडेपर्यंत आपण बोट हलवले नाही की घाईही केली नाही. बाई, त्या थांबण्याचे मोल मला शब्दांत मांडता येत नाही. पुढे नाम असेल तर बहुधा मिळणे किंवा आणणे, जसे ‘गॉट अ लेटर’. विशेषण असेल तर स्थिती पालटणे, जसे ‘गेटिंग डार्क’. ठिकाण असेल तर पोचणे. ‘गेट टु द स्टेशन’ म्हणायचे, पण ‘गेट होम’मध्ये ‘टु’ नको, हेही त्याच ओघात उमगले.

‘आय गॉट हिम टु रिपेअर इट’ आणि ‘आय गॉट इट रिपेअर्ड’ यांतला फरक आपण मराठीतूनच दाखवलात: पहिल्यात त्याला दुरुस्त करायला लावले, दुसऱ्यात वस्तू दुरुस्त करून घेतली, मग ती कोणीही केलेली असो. भूक लागते, झोप लागते, निकाल लागतो, वाटेत गाव लागते, आणि तरी ‘लागणे’ आपण कधी यादीतून शिकत नाही, ही आठवणही आपलीच. विचारणाऱ्याला कमी न लेखता त्याच्याच भाषेचा आधार देणारी माणसे विरळा असतात.

‘ही गॉट सिलेक्टेड’ यासारखी कर्मणी रचना मी आता याच पद्धतीने धाकट्यांना समजावते आहे. कुठे अडले तर आपल्यालाच विचारीन, एवढी मोकळीक असू द्यावी.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी