मामा, सीट आता हलत नाही

राम राम मामा,

तुम्ही मोबाईलवर काय वाचत बसत नाही हे मला माहिती आहे, पण तुमचा नातू वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहितोय. आणि पिकअप, छोटा हत्ती चालवणारी माझ्यासारखी लई पोरं इथं आहेत, त्यांना पण कळू दे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये तुम्ही माझ्या गाडीचं नेमकं काय केलंत ते. त्या दिवशी गडबडीत नुसतं "येतो मामा" म्हणून निघालो, ते मनाला लागून राहिलंय.

ड्रायव्हरची सीट हलते म्हटलं की लोकांना किरकोळ वाटतं. इंजिनाचं काम नाही, ब्रेकचं नाही, सीटच तर आहे, हलली तर हलली. पण शाहू मार्केट यार्डातनं भाजी भरायची, फुलेवाडी, कळे, असळज करत गगनबावडा गाठायचा आणि तिथनं करूळ घाट उतरून वैभववाडीला जायचं, हे ज्याला रोजचं आहे त्याला विचारा. उतारावर ब्रेक दाबला की सीट पुढं सरकायची, क्लच दाबला की मागं, आणि सीट मागं गेली की पाय पुरत नाही, क्लच अर्धवटच दबतो आणि गिअर खर्रकन वाजतो. वळणावर तर मागचा उजवा कोपरा उचलला जायचा आणि स्टेअरिंग वळवायच्या ऐवजी मी त्यालाच धरून स्वतःला सावरत बसायचो. मागं माल भरलेला, एका बाजूला दरी. घरी आई विचारायची कंबर का धरून चालतोयस, तिला काय सांगणार.

तुमच्या आधी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. एकानं बोल्ट आवळून दिले, दुसऱ्यानं सीटच्या पायाखाली रबराची पट्टी घातली. थोडे दिवस बरं वाटायचं आणि एखाद्या खड्ड्यात आपटली की परत कट कट सुरू.

तुम्ही पान्याला हातच लावला नाही आधी. मला सीटवर बसवलंत, क्लच दाब, सोड, आता ब्रेक, आता मागं रेल, असं करायला लावलंत आणि स्वतः दार उघडून खाली गुडघ्यावर बसून बॅटरी मारून एकेका पायाकडं बघत राहिलात. मी म्हटलं मामा बोल्ट ढिले असतील, तर म्हणालात, "चार पाय असत्यात रं सीटला, त्यातला कुठला बोलतोय ते आधी ऐकाय लागतंय." मागचा उजवा बोलत होता. ड्रायव्हर चढतो उतरतो ते त्याच बाजूनं, सगळं वजन रोज त्याच कोपऱ्यावर पडतं, त्यामुळं बऱ्याच गाड्यांचा तोच कोपरा आधी जातो, हे मला तेव्हा कळलं.

मग सतरा नंबरचा पाना घेऊन चारी बोल्ट काढलेत आणि सीट बाहेर. सीट ज्या पट्ट्यांवर पुढं मागं सरकते त्या दोन्ही स्लायडरच्या खाचेत पिवळसर माती वाळून घट्ट बसली होती. ती बोटावर घेऊन चोळलीत आणि म्हणालात, "२०२१ च्या पुरात बुडलेली दिसत्या ही." गाडी मी सेकंडहँड घेतलेली, त्या जुलैत ती कुठं उभी होती मला काय माहीत नव्हतं. पण त्या बारीक गाळानं माझा अर्धा प्रश्न सुटला बघा, कारण स्लायडरचं लॉक ज्या दातात जाऊन बसतं त्या दातातच माती होती, एका बाजूचं लॉक बसायचं आणि दुसऱ्या बाजूचं नुसतं टेकायचं. तुमच्या हाताखालच्या पोरानं डिझेल आणि ब्रशनं स्लायडर धुतले, तुम्ही प्रत्येक दात खिळ्यानं कोरलात आणि मगच ग्रीस लावलंत.

पण खरं दुखणं त्याच्या खाली होतं आणि ते मी तरी जन्मात बघितलं नसतं. मॅट उचलून तुम्ही मागच्या उजव्या बोल्टाच्या भोकापाशी वायर ब्रश मारलात, पत्रा चकचकीत केलात. भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं, आणि पत्र्याला खालून वेल्ड केलेला नट एका बाजूनं सुटून बोल्टाबरोबर हलत होता. म्हणजे वरनं कितीही आवळा, आवळायचं कशावर? तुम्ही तिथंच थांबला असता आणि नट परत वेल्ड करून दिला असता तरी मी खूश होऊन गेलो असतो. तुम्ही रॉकेलची बाटली मागवलीत. त्या जागी रॉकेल लावलंत, थोडा वेळ मुरू दिलंत, फडक्यानं कोरडं पुसलंत आणि वरनं खडूची पूड चोळलीत. मी वाकून बघतोय आणि बघता बघता त्या पांढऱ्या पुडीत एक बारीक ओली रेघ उमटली, भोकापासनं निघून पार चॅनेलच्या कडेपर्यंत. चीर. डोळ्याला अजिबात दिसत नव्हती, आत मुरलेलं रॉकेल बाहेर आलं आणि तिनं स्वतःच जागा दाखवली. ती रेघ बघून माझ्या अंगावर काटा आला हो मामा. त्या पत्र्यावर बसून मी घाट उतरत होतो.

ह्या पुढचं मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण वेल्डिंगवाले गडबड करतात ती इथंच. तुम्ही आधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीत. खालनं जाणारं वायरिंग आणि डिझेलची नळी कुठं आहे ते बघून बाजूला बांधलंत, ओली पोती टाकलीत, पाण्याची बादली जवळ ठेवलीत आणि पोराला बाकी काय न करता फक्त ठिणग्यांवर नजर ठेवायला सांगितलंत. चीर जिथं संपते तिथं बारीक ड्रिल मारलंत. मी विचारलं भोक कशाला आणखी, तर म्हणालात, "चिरेचं टोक धारदार असतंय, तसंच ठिवलं तर वेल्डच्या पुढनं परत पळत्या ती. गोल भोक पडलं की थांबत्या." मग वेल्डिंग पण एकदम ओढत नेलं नाही, गोधडीला टाके घातल्यागत थोडं इथं, थोडं तिथं, मधे गार होऊ द्यायचं, नाहीतर पातळ पत्रा वाकतो नाहीतर जळून भोक पडतं. खालनं जाड प्लेट बसवलीत म्हणजे सगळा भार एका नटावर न येता पत्र्यावर पसरेल. वर प्राइमर मारलात, कारण पावसाळ्यात वाटेतल्या मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की चिखलाचे पाय घेऊन आम्ही गाडीत चढणार आणि मॅटखाली ओल राहणार हे तुम्हाला न सांगता माहिती.

जुने बोल्ट परत लावू दिले नाहीत. त्यांच्या डोक्यावर कसलाच आकडा नव्हता. नवीन बोल्टाच्या डोक्यावरचा ८.८ माझ्याकडनं मोठ्यानं वाचून घेतलात आणि समजावून सांगितलंत की पहिला आठ म्हणजे तुटायच्या आधी एका चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण घेणार आणि पुढचा आठ म्हणजे त्यातला ८० टक्के ताण येईपर्यंत कायमचा वाढणार नाही. किती साधं आहे आणि किती वर्षं गाडी चालवून मला कुणी सांगितलं नव्हतं. चारी बोल्ट आधी हातानंच लावलेत, सीट पुढं मागं पूर्ण सरकवून दोन्ही स्लायडर सरळ आहेत का बघितलंत, मग समोरासमोर तिरके आवळलेत. शेवटी लीव्हर सोडल्यावर दोन्हीकडनं एकदमच कट्ट आवाज आला, आणि तुम्ही पहिल्यांदा हसलात.

बेल्टचं सांगितलंत ते तर मी आता भेटेल त्या ड्रायव्हरला सांगतो. माझ्या गाडीत बेल्टचं बकल सीटच्या फ्रेमलाच आहे. म्हणजे सीट उपटली की बेल्ट पण तिच्याबरोबरच जाणार, मग बेल्ट लावून उपयोग काय? "बेल्ट माणसाला धरतोय, सीट बेल्टाला धरत्या, आन सीटला ह्यो पत्रा," असं म्हणून तुम्ही हातोडीच्या दांड्यानं पत्र्यावर ठोकून दाखवलंत.

मजुरी तुम्ही रोखठोक सांगितलीत, बोल्ट, प्लेट, प्राइमर सगळं वेगळं लिहून दिलंत आणि मला ते आवडलं, एक रुपया जड वाटला नाही. उद्यमनगर म्हणजे ऑईल इंजिनाचं, फौंड्रीचं, लेथचं नाव, मोठमोठी कामं तिथं होतात, आणि तिथं बसून तुम्ही एका भाजीच्या गाडीच्या सीटला अख्खी दुपार दिलीत. बाहेर गिऱ्हाईक थांबलं होतं, त्याला म्हणालात, "ह्यो घाटात जातोय, ह्येचं आधी." मामा, हे वाक्य मी घरी आईला सांगितलं. तिनं तुमच्यासाठी हात जोडले.

त्यानंतर घाट उतरतोय तर हात फक्त स्टेअरिंगवर आहेत. क्लच खालपर्यंत जातो. कंबर अजून थोडी दुखते पण ती जुनी आहे, जाईल हळूहळू. तुम्ही सांगितल्याप्रमाणं पहिल्या काही फेऱ्या झाल्यावर बोल्ट परत पान्यानं चेक केले, एकही जागचा हलला नव्हता.

पावसाळ्याच्या आधी स्लायडरला ग्रीस मारायला येतो. बरोबर यार्डातला माझा एक दोस्त असेल, त्याच्या सीटखाली पण कुणीतरी रबराची पट्टी घातलीय. रॉकेल आणि खडू आम्हीच घेऊन येतो.

तुमचाच,
गगनबावडा लाईनचा पिकअपवाला