शरदरावांना सांग, नीला

मिरज,
9 नोव्हेंबर 2025

प्रिय नीला,
सप्रेम नमस्कार.

काल शरदरावांचा फोन आला होता. तू देवळात गेली होतीस म्हणे. आधी माझी तब्येत विचारली, मग पावसाचं, उसाचं बोलणं झालं, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "वसुधाताई, घरात सगळे टीबी म्हणतात. टीबीसाठी मला पुण्याला कशाला नेतात? ते औषध तर इथे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं." मी त्यांना खोटं सांगितलं नाही आणि तुला डावलून खरंही सांगितलं नाही. "डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारा, आणि मला सगळं ऐकायचंय असं नीलाच्या कानावर घाला," एवढंच म्हणाले. फोनवर आपण दोघी रडत बसतो आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

नीला, हा टीबी नाही, फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, हे त्यांना कळलेलं आहे. नाव कुणी उच्चारलं नसेल, पण ज्या माणसाच्या छातीतलं पाणी दोनदा काढलं, सुई घालून तुकडा तपासायला नेला, ज्याच्यासमोर मुलगा आणि सून बाहेर जाऊन फोनवर बोलतात, तो काय समजायचं ते समजतो. फक्त आपल्याला कळलंय हे तो कुणाला सांगू शकत नाही, कारण तुम्ही सगळे कळू नये म्हणून धडपडताय. तू त्यांना सांभाळतेस आणि ते तुला सांभाळतात, आणि एका घरात दोघंही एकटे.

"त्यांना सहन होणार नाही" असं तू म्हणतेस. अगं, हा माणूस मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाला. तालुक्यातल्या किती घरांच्या वारसनोंदी, फेरफार त्यांच्या सहीने झाले. बाप गेल्यावर भाऊ कसे एकमेकांच्या उरावर बसतात, हे त्यांनी टेबलाच्या पलीकडून आयुष्यभर पाहिलं. दुसऱ्यांची घरं वेळेत मार्गी लावणाऱ्याला स्वतःच्या घराचं काय करायचं ते ठरवू द्यायला नको का? धाकटीचं लग्न लवकर उरकायचं की तिचं शिक्षण होऊ द्यायचं, लिंबाचं शेत कुणाच्या नावे करायचं, माहुलीला भावाशी धरलेला अबोला सोडायचा की नाही, हे प्रश्न त्यांचे आहेत. किमोथेरपी घ्यायची का, किती घ्यायची, हा तर सगळ्यात आधी त्यांचा. शरीर त्यांचं आहे.

माझं आठवतंय ना तुला? स्तनाचा कॅन्सर पहिल्या ऑपरेशननंतर गेला असं वाटत होतं, आणि मग काही वर्षांनी तो कण्यात आणि खुब्यात निघाला. रिपोर्ट घेऊन माझा भाऊ आधी एकटाच आत गेला आणि "तिला काही बोलू नका" म्हणून डॉक्टरीणबाईंना हात जोडले. त्या वयाने आपल्या मुलींएवढ्या. त्यांनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं, मला आत बोलावलं, दार लावलं, मोबाइल उलटा ठेवला आणि विचारलं, "काकू, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल आत्तापर्यंत काय कळलंय? आणि किती ऐकायला आवडेल?" तिने काही लादलं नाही. मी विचारत गेले तसं ती सांगत गेली. हा आजार मुळापासून जाणार नाही, पण गोळ्यांनी आवरून धरता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. रडले. पण त्या रात्री मला झोप लागली, कारण अंधारात चाचपडणं संपलं होतं.

तसंच तू कर. एका दमात सगळं ओतू नकोस. पाहुणे नसताना, सकाळच्या वेळी बस. आधी त्यांनाच विचार की तुम्हाला काय वाटतंय. ते गप्प राहिले तर तूही राहा, ती शांतता भरायला घाई करू नकोस. "तुम्ही अगदी बरे व्हाल" असं म्हणू नकोस आणि महिन्यांचा आकडाही सांगू नकोस. तो कुणालाच नेमका माहीत नसतो. "तुम्हाला दुखू देणार नाही, आणि तुमच्याशी आता काही लपवणार नाही," ही दोन वचनं दे. ती पाळता येण्याजोगी आहेत. आणि त्यांनी "मला नको सांगू, तूच बघ" असं म्हटलं, तर तेही मानायचं. पण ते त्यांनी म्हणायला हवं, त्यांच्या वतीने मेहुण्यांनी नव्हे.

आता दुखण्याबद्दल, कारण या बाबतीत माझ्या मनात फार राग साठलेला आहे. गेल्या वर्षी इथल्या ओपीडीत जतकडचे एक आजोबा भेटले. आजार हाडांत पसरलेला. आडवं होता येत नाही म्हणून ते महिनाभर भिंतीला टेकून बसूनच रात्र काढत होते. पॅरासिटामोलवर! घरच्यांना वाटायचं, कॅन्सर म्हणजे दुखणारच. एका डॉक्टरांनी तर "मॉर्फिन अगदी शेवटी देतात, त्याची सवय लागते" असं सांगून परत पाठवलं होतं. हे खरं नाही, नीला. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागण्याची भीती अगदी थोडी. साधी गोळी असते, दर चार तासांनी घड्याळ लावून घ्यायची, दुखणं उठायची वाट न बघता. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होते, मग कमी होते. बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लिहून घ्यायचं. फुफ्फुसाच्या आजारात दम लागतो, त्यालाही याच औषधाचा लहान डोस उपयोगी पडतो. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आपल्या देशात अफू पिकते, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत तिच्यापासून हे औषध बनतं, आणि आपलाच माणूस भिंतीला टेकून रात्र काढतो. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने नियम इतके आवळले की मॉर्फिन ठेवायला निरनिराळे परवाने लागायचे. औषधाची दुकानं आणि रुग्णालयं त्या भानगडीत पडेनातच. केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा 2014 मध्ये कायदा बदलला, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला आता औषध नियंत्रकांची एकच परवानगी पुरते. तरी अर्ज कुणीतरी करावा लागतोच. आम्ही काही पेशंट आणि दोन-तीन पेशंटच्या बायका मिळून एका रुग्णालयाच्या व्यवस्थापनाच्या मागे लागलो, "तुमच्याकडे मॉर्फिन का नाही, ते लेखी द्या" म्हणून. लेखी मागितलं की हालचाल होते. आता तिथे गोळ्या मिळतात. जतचे आजोबा शेवटचे काही महिने पाठ टेकून झोपले.

तू विचारलंस की पॅलिएटिव्हवाल्यांकडे, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे, न्यायचं म्हणजे आशा सोडायची का. मुळीच नाही. 2010 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे, म्हणजे शरदरावांच्यासारखेच, 151 पेशंट होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम. त्या दुसऱ्या गटातली माणसं कमी खचली, शेवटी त्यांच्यावर नळ्या-सुयांचा भडिमार कमी झाला, आणि तरीही ती साधारण पावणेतीन महिने जास्त जगली. तुला तर हे जवळच आहे. पुण्यात वारज्याला, हायवेलगत, सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून आहे. पैसे घेत नाहीत. पेशंटबरोबर घरचं माणूसही राहू शकतं, आणि घरी कसं बघायचं ते शिकवून पाठवतात. उपचार चालू असतानाच एकदा जाऊन ये. गरज पडली की धावत जाण्यापेक्षा ओळख आधी झालेली बरी.

उपचारांचंही बघायला हवं. शरदरावांनी कधी विडी-सिगारेट ओढली नाही. अशा माणसांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये आपल्याकडे बऱ्याचदा ईजीएफआर नावाचा जनुकीय बदल, म्हणजे म्युटेशन, सापडतो, आणि तो असला तर सलाईनमधून किमो न घेता रोजच्या गोळीवर आजार आवरता येतो. एएलके म्हणून आणखी एक बदल असतो, त्यावरही गोळ्या आहेत. पण तपासणी केल्याशिवाय कळणार कसं? तू पाठवलेल्या फाइलमध्ये बायॉप्सीचा रिपोर्ट आहे, या तपासण्यांचा नाही. पुढच्या भेटीत सरळ विचार: "म्युटेशनची तपासणी केली का? नसेल तर का नाही?" लॅबमध्ये त्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवलेल्या असतात. दुसरीकडे दाखवायच्या तर त्या मागून घेता येतात. डॉक्टरांना राग येईल म्हणून घाबरू नकोस. चांगल्या डॉक्टरला प्रश्नाचा राग येत नाही. या औषधाचा हेतू बरं करणं आहे की आवरून धरणं, नाही घेतलं तर काय होईल, महिन्याला खर्च किती, रात्री अकराला दम लागला तर फोन कुणाला करायचा, हे शरदरावांच्याच अक्षरात वहीत लिहून ने. त्यांचं अक्षर सुरेख आहे आणि त्यांना काम हवंय.

खर्चाचं म्हणशील तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठ. रेल्वेत उपचाराला जाताना कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्याला पाऊण. त्याचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यायचा असतो.

औषधांच्या किमतींवर मात्र मला थोडं जास्त लिहायचंय. मी रोज पाल्बोसिक्लिब घेते, एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी. सुरुवातीला तिची किंमत ऐकून मी घर विकायचा हिशेब मांडत होते. जानेवारी 2023 मध्ये तिचं पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांनी ती बनवली आणि भाव धाडकन खाली आले. गोळी तीच, आजार तोच. त्याआधी ज्या बायकांना ती परवडली नाही त्या आता नाहीत. केरळात माझ्यासारख्याच आजाराची एक बाई होती. तिच्या रायबोसिक्लिब नावाच्या गोळीला महिन्याला 50 हजारांहून जास्त लागायचे. 2022 मध्ये ती केरळ उच्च न्यायालयात गेली. सरकारने पेटंट बाजूला ठेवून ही गोळी इतरांना बनवू द्यावी, एवढं तिचं मागणं. निकाल लागायच्या आधीच ती गेली, पण न्यायालयाने प्रकरण बंद केलं नाही, स्वतःहून पुढे चालू ठेवलं. अंगात ताकद नसताना तिने वकिलाकडे खेटे घातले ते स्वतःला औषध मिळेल या एकाच आशेने नसणार. तिची आठवण काढल्याशिवाय माझा एक महिना जात नाही. म्हणूनच मी गुरुवारी ओपीडीत बसते. नवी माणसं कागदांची पिशवी घेऊन भांबावलेली असतात, त्यांची फाइल तारखेप्रमाणे लावून देते, प्रश्न लिहून देते, कधी नुसती त्यांच्याबरोबर आत जाते. दोन माणसं आत गेली की डॉक्टर खुर्चीत नीट बसून बोलतात, हा माझा अनुभव आहे.

आणि जगायचं कसं, तेही सांगते. ताकद सकाळी असते, म्हणून जे मनापासून करायचं ते सकाळी. मी दहावीच्या तीन मुलींना संस्कृत शिकवते, दुपारी झोपते, संध्याकाळी कुणाला भेटत नाही. रक्तातल्या पेशी खाली गेल्या की लग्नकार्यांना जात नाही आणि कुणाला वाईट वाटलं तर वाटू देते. तुझ्या जावेने त्यांची साखर, दूध, अंडी सगळं बंद करून गव्हांकुराचा रस चालू केलाय असं कळलं. तो आधी थांबव. त्यांचं वजन उतरतंय, त्यांना प्रथिनं हवीत. अंडं, मुगाचं धिरडं, खवा घातलेली खीर, जे जाईल ते, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. आणि डिसेंबरात हुरडा खायला शेतात न्या त्यांना. ऑक्सिजन लागला तर सिलिंडर घेऊन न्या.

एक कागद मी करून ठेवलाय, तोही तुला दाखवेन. शुद्ध हरपली आणि परतीची वाट नसली तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, दुखणं मात्र शेवटपर्यंत थांबवावं, आणि माझ्या वतीने भाचीने बोलावं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याला मान्यता दिली. तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं. शरदरावांना कागदाची किंमत कळते, त्यांना हे पटेल. पण आज नको. आधी पहिलं बोलणं होऊ दे.

पुढचा आठवडा माझ्या गोळ्यांच्या सुट्टीचा आहे, अंगात बरं असतं. बुधवारी कोयनेने येते. स्टेशनवर पोराला पाठव, रिक्षाचे धक्के पाठीला सोसत नाहीत. लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागायचा अर्ज मी इथूनच लिहून आणते. त्यावर सही शरदरावांची घ्यायची आहे, आणि सही करण्यापूर्वी ते प्रत्येक ओळ वाचतात. तेव्हा बुधवारच्या आत त्यांच्याशी बोल.

तुझी,
वसू