खुर्ची सोडून उभ्या राहिलेल्या अभियंत्यास

स. न. वि. वि.

नाव कोठेही घेऊ नये ही तुमची अट पाळून हे जाहीर पत्र लिहीत आहे. पित्रांसाठी पुण्याहून उदगीरला आलेला माणूस घरचे जेवण आटोपून लातूरला आमच्या महाविद्यालयात सर्व्हरच्या कामासाठी येतो, रात्री उशिरापर्यंत थांबतो आणि चहाखेरीज काही घेत नाही, याचे आभार खासगी निरोपात उरकावेत, हे मला पटेना. शिवाय ज्यांच्याशी आमचा वार्षिक देखभालीचा करार आहे, त्यांच्याही नजरेस हे पत्र पडावे, अशी इच्छा आहे.

१७ सप्टेंबर २०१९ रोजी आम्ही मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन करून घरी गेलो आणि त्याच दिवशी लिनक्स कर्नेलमधील, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, सीव्हीई-२०१९-१४८३५ या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षा त्रुटी जाहीर झाली. टेन्सेन्ट या चिनी कंपनीच्या ब्लेड टीम या सुरक्षा संशोधन गटाने शोधलेली ही त्रुटी व्हीहोस्ट-नेट या भागात होती. व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची, नेटवर्क पॅकेट थेट यजमान सर्व्हरच्या कर्नेलमध्ये हाताळणारा हा भाग २०१० मध्ये २.६.३४ या आवृत्तीत आला आणि वेगामुळे सगळीकडे रुळला. चालू मशीन बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना मेमरीतील कोणती पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) बदलली, याची नोंद कर्नेलला ठेवावी लागते. मशीनच्या आत पूर्ण अधिकार असलेल्या कोणी त्या वेळी मुद्दाम डेटा मेमरीत कोठे व किती आहे हे सांगणारे तपशील शून्य लांबीचे करून पुढे केले, तर नोंदींची यादी ठरलेली मर्यादा ओलांडून कर्नेलच्याच मेमरीवर लिहीत सुटते. भाडेकरूने आपल्या खोलीत बसून घरमालकाची तिजोरी उघडावी, तसा हा प्रकार. त्यावरची दुरुस्ती मात्र इतकी लहान होती की तिच्यासाठी एवढी वर्षे जावीत, याचेच आश्चर्य वाटते.

आमच्याकडे हा धोका पुस्तकी नव्हता. प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे व्हर्च्युअल मशीन आणि त्यात रूटचे, म्हणजे पूर्ण, अधिकार दिलेले आहेत, कारण त्याशिवाय ऑपरेटिंग सिस्टिम शिकवता येत नाही. आणि त्याच दोन सर्व्हरवर प्रवेश, शुल्क व परीक्षा अर्जांची मशीनही चालतात. विजेचा आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांचा भरवसा नसल्यामुळे मशीन इकडून तिकडे हलवणे हा आमचा नेहमीचा उद्योग, म्हणजे ज्या एका अवस्थेत ही फट उघडते, त्या अवस्थेत आम्ही वारंवार जात होतो.

देखभाल करणाऱ्यांना मी हे सविस्तर कळवले. बऱ्याच विनवण्यांनंतर उत्तर आले ते नव्या फायरवॉलच्या, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कमधून येणारे हल्ले अडवणाऱ्या यंत्रणेच्या, कोटेशनच्या रूपाने. धोका आतल्या मशीनकडून यजमानाला आहे, त्या वाटेवर फायरवॉल लागतच नाही, हे त्यांना समजत नव्हते की समजून घ्यायचे नव्हते, हे मी आजही सांगू शकत नाही. कोटेशन मात्र अत्यंत नीटनेटके होते.

तुम्ही आलात आणि सर्वांत आधी परीक्षा अर्जांची शेवटची तारीख विचारलीत. मशीन हलवणे बंद झाले, व्हीहोस्ट-नेट तात्पुरता काढून ठेवला, नेटवर्क थोडे मंदावले, मग नवा कर्नेल चढला. त्याचा तपशील येथे देत नाही. मनात राहिली आहे ती वेगळीच गोष्ट. काम सुरू करण्यापूर्वी तुम्ही खुर्चीतून उठलात, आमच्या संगणक चालक ताईंना तेथे बसवलेत आणि म्हणालात, "तुम्ही टाइप करा, मी मागे उभा आहे." आजवर येणारा प्रत्येक तंत्रज्ञ पासवर्ड टाकताना पडदा त्यांच्यापासून वळवून घेत असे आणि त्या निमूटपणे पंखा लावून बाहेर जात. त्या रात्री प्रत्येक आज्ञा त्यांनी स्वतः लिहिली. एकदा अक्षर चुकले, तेव्हा तुम्ही हात पुढे केला नाहीत. त्यांना ते सापडेपर्यंत थांबलात. जाणत्याने जाणतेपणा मिरवू नये, ही रीत आपल्याकडे कीर्तनात पुष्कळ ऐकायला मिळते, पण सर्व्हरच्या खोलीत मी ती प्रथमच पाहिली.

त्यानंतर एकदा यंत्रणा अद्ययावत करायची वेळ आली, तेव्हा ताईंनी देखभालवाल्यांची वाट पाहिली नाही. मला त्यांनी काम झाल्यावर सांगितले.

एक विनंती उरली आहे. प्राचार्यांनी तुमच्या प्रवासखर्चाची रक्कम मंजूर केली आहे, पण तुमच्या सहीवाचून ती लेखा विभागात पडून आहे. मार्चअखेर ती परत जाईल. रक्कम घ्यायची नसेल तर ग्रंथालयाला द्या, परंतु सही तेवढी करून पाठवावी.

आपला स्नेहांकित,
संगणकशास्त्र विभागप्रमुख, लातूर