अद्भुतरम्य कादंबऱ्या मोठ्यांसाठीही

महोदय,
अद्भुतरम्य कादंबरी म्हणजे लहान मुलांचे वाचन, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. म्हणूनच अलीकडच्या दोन इंग्रजी कादंबऱ्यांची मनापासून शिफारस करावीशी वाटते. सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ २०२० साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला ब्रिटनमधील ‘विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन’ हे लेखिकांच्या कादंबऱ्यांसाठीचे पारितोषिक मिळाले. जिच्या खालच्या दालनांत समुद्राची भरती शिरते आणि वरच्या दालनांत ढग तरंगतात, अशा पुतळ्यांनी भरलेल्या अफाट वास्तूत जवळजवळ एकटाच राहणारा नायक आपल्या रोजनिशीत भरती-ओहोटीची गणिते मांडतो आणि अल्बट्रॉस पक्षी आला, या घटनेवरूनच त्या वर्षाला नाव देतो. त्या पक्ष्यांच्या घरट्यासाठी तो स्वतःच्या जळणाचे सुके समुद्रशेवाळ देऊन टाकतो आणि थंडी सोसतो, तो प्रसंग मी तीनदा वाचला. एवढ्या निर्मळ मनाचा निवेदक माझ्या वाचनात क्वचितच आला आहे. मात्र पहिली पन्नासेक पाने धीराने वाचावीत आणि कथानक आधी कोणाकडून ऐकू नये.

दुसरी कादंबरी टी. किंगफिशर यांची ‘नेटल अँड बोन’ (२०२२). पतीच्या छळातून बहिणीची सुटका करण्यासाठी तिशीतली राजकन्या खाजकुयलीसारख्या दाहक वनस्पतीच्या धाग्यांचा झगा विणते आणि हाडे जोडून कुत्रा घडवते. या कादंबरीला विज्ञानकथा व अद्भुतरम्य साहित्यासाठी दिला जाणारा २०२३ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आहे. सार्वजनिक ग्रंथालयांनी या दोन्ही कादंबऱ्या अवश्य मागवाव्यात.

– एक वाचक, सातारा