उरलेली औषधे द्यायची कुठे?

नदीतल्या प्लॅस्टिकचे फोटो नेहमी छापून येतात. त्याच पाण्यात विरघळलेली औषधे फोटोत दिसत नाहीत. अँटिबायोटिक्स, वेदनाशामके यांचा काही अंश शरीरातून तसाच मैलापाण्यात उतरतो आणि नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रांत तो पूर्ण निघत नाही. ५ मिलिमीटरहून लहान प्लॅस्टिककणांना ही द्रव्ये चिकटतात, कणांवर जिवाणूंचा थर चढतो आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू तिथे पोसले जातात. मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेतून उजनीत जाते, म्हणजे सोलापूरकरांच्या नळापर्यंत. (नदीकाठ सुशोभित करताना हे कोणाच्या ध्यानात आले का, देव जाणे!) मुदत संपलेल्या गोळ्या बेसिनमध्ये टाकू नयेत हे ठीक, पण द्यायच्या कुठे? महापालिकेने निदान औषध दुकानांत संकलन पेट्या ठेवाव्यात.

– एक वाचक, कोथरूड, पुणे