चौऱ्याऐंशी दिवसांची उदासीनता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुधवारचा (२७ ऑक्टोबर २०२१) आपला अग्रलेख सकाळी वाचला तेव्हा तव्यावरची पोळी करपली, म्हणून संध्याकाळी निवांत पुन्हा वाचला. मत तेच राहिले. तरुण मुले कोरोनाच्या लसीबाबत उदासीन आहेत, त्यांना कॉलेजचा कट्टा हवा पण दंडात सुई नको, असा आपला एकंदर सूर. ‘मिशन युवा स्वास्थ्य’मध्ये सरकारने लस थेट कॉलेजच्या दारात आणली तरी ही मुले घरी कशी बसतात, असा प्रश्नही आपण विचारला आहे. उत्तर माझ्या घरात आहे. सध्या गॅलरीत कपडे वाळत घालते आहे.

माझी मुलगी १९ वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. १ मे रोजी १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली त्या दिवसापासून ती कोविन, म्हणजे लसनोंदणीचे सरकारी संकेतस्थळ, उघडून बसत होती. स्लॉट दिसायचा आणि ओटीपी येईपर्यंत गायब व्हायचा. दहा-बारा दिवसांत १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण राज्यानेच थांबवले. साठा नव्हता, आणि होता तो पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसला लागत होता. तक्रार नाही, त्यात माझ्या सासूबाईही होत्या. जूनच्या शेवटी पुन्हा सुरू झाले आणि मग पहाटे पाचला टोकनची रांग. तीनदा ती ‘आज लस उपलब्ध नाही’ हा बोर्ड वाचून परत आली. चौथ्यांदा, २४ ऑगस्टला, मिळाली. कोव्हिशिल्ड.

आता हिशेब करा. कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधले अंतर केंद्राने मे महिन्यात १२ ते १६ आठवडे केले, त्यामुळे ८४ दिवस भरल्याशिवाय कोविन दुसरा डोस देऊच देत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी बोट ठेवून मोजले. १६ नोव्हेंबर येतो. कॉलेजे उघडली २० ऑक्टोबरला, तीही राज्याचे उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत यांनी सांगितल्याप्रमाणे दोन डोस झालेल्यांसाठीच. म्हणजे अंतर वाढवायचे दिल्लीने, अट घालायची मुंबईने, आणि उदासीन कोण, तर माझी मुलगी.

तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या केंद्रावर कोव्हॅक्सिन मिळाली. तिचे २८ दिवसांत उरकले, ती आज वर्गात बसते. कोणत्या केंद्रावर कोणती कुपी फुटली यावर कोण जागरूक आणि कोण बेफिकीर हे ठरत असेल तर मग बोलायलाच नको. आमच्याच इमारतीतला एक मुलगा ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला गेला. त्याने घेतली तीही कोव्हिशिल्डच, पण दुसरा डोस २८ दिवसांनी मिळाला, कारण परदेशी शिकायला-नोकरीला जाणाऱ्यांसाठी आणि टोकियो ऑलिंपिकच्या खेळाडूंसाठी केंद्राने जूनमध्ये तशी सवलत दिली होती. गेला, आनंद आहे, वाटेसाठी दशम्या मीच करून दिल्या. पण अमेरिकेच्या कॉलेजात जायला २८ दिवस पुरतात आणि ठाण्याच्या कॉलेजात जायला ८४ लागतात, हे शास्त्र मला कोणी समजावून सांगावे. मी बारावी सायन्स आहे, अगदीच काही कळणार नाही असे नाही.

आता मंगळवारची गोष्ट. कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘सर्व विद्यार्थ्यांनी लसीकरण शिबिरास हजर राहावे.’ सर्व म्हणजे आपणही, काहीतरी सूट मिळत असेल, या आशेवर ती निघाली. लोकल बंद तिला (त्याचे पुढे सांगते), म्हणून शेअर रिक्षा, मग बस, मग दुसरी बस, असे अडीच तास. फाटकावर वॉचमनने अडवले. ‘दोन डोसचं सर्टिफिकेट?’ ती म्हणाली, दुसऱ्या डोससाठीच तर आले आहे. तो म्हणाला, ‘दोन झाल्याशिवाय आत सोडायचं नाही, ऑर्डर आहे.’ अर्धा तास हेच. शेवटी एका मॅडमना फोन लागला आणि तिला मागच्या, कँटीनच्या दाराने आत घेतले. आत सिस्टरनी मोबाइल नंबर टाकून पाहिले आणि म्हणाल्या, ‘बाळा, तुझी तारीख सोळा नोव्हेंबर आहे, मी दिली तरी हे नोंदवून घेणार नाही.’ निदान बाळा म्हणाल्या.

शिबिर २ नोव्हेंबरपर्यंत आहे. सोळा तारखेला लस पुन्हा कॉलेजच्या दारात येईल का, हे आपल्या अग्रलेखात नाही.

निघताना ती ऑफिसात प्रॅक्टिकलचे विचारायला गेली. तिथे उत्तर तयार होते: एक डोसवाल्यांनी ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर या कोरोना चाचणीचा रिपोर्ट आणावा, मग बघू. लॅबमध्ये जाऊन केली तर ही चाचणी सरकारी दराने ५०० रुपयांना पडते. मी पोळीभाजी केंद्र चालवते, सात रुपयाला पोळी विकते. पाचशे रुपये म्हणजे एकाहत्तर पोळ्या आणि वर तीन रुपये. प्रॅक्टिकल सोमवारी आणि शुक्रवारी. सोमवारचा रिपोर्ट शुक्रवारी शिळा. शिळी पोळी मी फोडणी देऊन घरी खपवते, रिपोर्टचे काय करू? आणि ज्यांचे दोन डोस झाले त्यांना कोरोना होतच नाही असे तर कोणी डॉक्टर म्हणत नाही. त्यांची चाचणी नको, हिची मात्र आठवड्याला दोनदा.

यातली खरी गंमत पुढेच आहे. माझा धाकटा १७ वर्षांचा. बारावीत, त्याच कॉलेजात, त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. अठराच्या आतल्यांना अजून लसच नाही, त्यामुळे त्याला अटही नाही. ४ ऑक्टोबरपासून तो रोज जातो. एकही डोस नाही, आणि वॉचमन त्याला ‘चल चल, लवकर’ म्हणतो. अठराच्या आत म्हणून लोकलचा पासही त्याला मिळतो. एक डोस घेतलेली ताई घरी बसून मोबाइलवर टायट्रेशन बघते आणि तिचे जर्नल सहीसाठी हाच दप्तरातून घेऊन जातो. विषाणू वाढदिवस विचारून चावत असेल.

मुलीचे हे त्रांगडे १६ नोव्हेंबरला दुसरा डोस घेऊनही संपत नाही. लोकलला त्यावर आणखी १४ दिवस हवेत. म्हणजे ३० नोव्हेंबर. तोवर सत्र परीक्षांचे वारे सुरू होतील.

लोकलचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. माझे दोन्ही डोस झाले, चौदा दिवसही केव्हाच झाले. मला महिन्यातून एकदा, फार तर दोनदा, मसाल्याच्या खरेदीला लालबागला जावे लागते. खिडकीवर तिकीट मागितले तर म्हणतात, तिकीट नाही, महिन्याचा पासच काढा. एका फेरीसाठी तीस दिवसांचे पैसे भरायचे आणि एकोणतीस दिवस तो पास डब्यात जपून ठेवायचा. मंगळवारपासून एसटीही महागली आहे. आपण यावर कधी अग्रलेख लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही, लिहिला असल्यास क्षमस्व.

लस नको म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तशी काही मुले असतीलही, त्यांना खुशाल बोल लावा. पण पहिल्या डोसचे सर्टिफिकेट आणि पुढची तारीख दाखवणाऱ्या मुलांना आत घ्यायला काय हरकत आहे, एवढे आपण मंत्रिमहोदयांना विचारा. आपले फोन ते घेत असतील. पत्र छापणार असाल तर १६ नोव्हेंबरच्या आत छापा, आणि जागा कमी पडली तर लालबागचे काढा, वॉचमनचे ठेवा.

आपली,
एक वाचक, अंबरनाथ (पूर्व)
२८ ऑक्टोबर २०२१